तांदळाच्या डब्यामागचं लॅटिन

किस्से जमवायचे असं कोणी ठरवत नाही. चष्म्याच्या जुन्या डब्यांसारखे ते घरात साठत जातात आणि एक दिवस खण बंद होत नाही.

पुण्यात मी आयुष्यभर भाषाशास्त्र शिकवलं. लॅटिनही शिकलो, पण ते आपल्याला येतं असं कधी वाटलं नाही. डब्लिनला मुलीकडे, अश्विनीकडे आलो आणि नेमकं तेच शिकवायची वेळ आली. नात इरा नऊ वर्षांची. शाळेत वर्षभर ती कोणाशी एक अक्षर बोलली नाही, म्हणून अश्विनीने तिला घरीच शिकवायचं ठरवलं. अश्विनी टॅला या उपनगरातल्या हॉस्पिटलात डॉक्टर, तेव्हा व्याकरण आणि लॅटिन माझ्याकडे. शेजारचा ओशीनही घरीच शिकतो. तोही येऊन बसतो.

*

मुलांनी उत्तर दिलं की मी विचारतो, "खात्री आहे ना?" उत्तर बरोबर असलं तरी विचारतो, कारण माझी नसते. मग आम्ही सगळे उठून स्वयंपाकघरात जातो. शब्दकोश तिथल्या प्रेसमध्ये, म्हणजे आपल्या कपाटात, तांदळाच्या डब्यामागे असतो. ओशीनने घरी सांगितलं की लॅटिन शिकायला फार चालावं लागतं.

*

विभक्ती मी लहानपणच्या स्तोत्रांसारख्या सुरात, डोलत पाठ करून घेतो. कुंपणापलीकडच्या ब्रीडाबाई त्या वेळी खुर्ची टाकून बाहेर बसू लागल्या. त्यांच्या लहानपणी चर्चमध्ये प्रार्थना लॅटिनमध्ये चालत. मी घाबरून सांगून टाकलं की ही प्रार्थना नाही, टेबल या शब्दाची रूपं आहेत.

"ग्रँड," त्या म्हणाल्या, म्हणजे इथलं "चालेल". "तेव्हा तरी कुठे काय कळत होतं!"

*

एकदा मुलं चूक ओळखतात का पाहायला मी फळ्यावर मुद्दाम एक चूक केली. ओशीनने लगेच चूक दाखवली. ती मुद्दाम केलेली नव्हती. मुद्दाम केलेली अजून कोणालाच सापडलेली नाही. मलाही.

*

जेवताना अश्विनीला विचारलं, मी पोरीचं नुकसान तर करत नाही ना?

"बाबा, ती घरात बोलते. ओशीनशी भांडते. आणखी काय हवं?"

"खात्री आहे ना?"

तिने आमटीचं भांडं माझ्यापुढे सरकवलं.

*

मुलं घरी नीट शिकतात का हे बघायला सरकारतर्फे एक बाई आल्या. अश्विनीने मला आधीच बजावलं होतं, "बाबा, आज तो प्रश्न नाही."

बाई प्रेमळ होत्या. इराला बोलतं करायचा त्यांनी नाना परींनी प्रयत्न केला. इराने सगळं लिहून दाखवलं, बहुधा बरोबरही, पण तोंडातून शब्द नाही. शेवटी बाईंनी कोट घातला आणि दाराशी अश्विनीला हळूच म्हणाल्या, मुलगी हुशार आहे, पण मला वाटतं तिची जागा शाळेतच आहे.

प्रश्न माझ्या ओठांपर्यंत आला होता. मी तो गिळला.

"आर यू शुअर?"

आवाज मागून आला, अगदी इथल्या हेलात. इरा स्वयंपाकघरात उघड्या प्रेससमोर उभी होती, तांदळाचा डबा दोन्ही हातांत धरून.

बाईंनी कोट काढला.