रावसाहेबांचा संगमरवरी बोर्ड

गजराबाई आमच्या दुकानाच्या पायरीवर बसल्या होत्या आणि त्यांच्या हातात माझ्याच सहीचा कागद होता.

"ह्यो तुमीच लिवला न्हवं? वाचून दाखवा."

मी वाचलं. 'वायरिंग व मेन बोर्ड तपासला. इन्सुलेशन उत्तम. कोठेही लीकेज नाही.'

"म्हंजी मी खोटारडी."

"तसं कुठं लिहिलंय, बाई?"

"सायबांनी तसंच वाचलं. उद्यापास्नं येऊ नगं म्हनले. धा वरसं केडगावातनं चालत येतीया मी."

लढाईचे दिवस होते. नगरच्या कापडबाजारात करीमभाई नावाच्या कंत्राटदाराकडे मी वायरमन होतो. गजराबाई स्टेशन रोडवरच्या एका बंगल्यात धुण्याभांड्याचं काम करत. बंगला एका पेन्शनर साहेबांचा. सरकारने त्यांना रावसाहेब केलं होतं आणि त्यानंतर त्यांनी ते कोणाला विसरू दिलं नव्हतं.

मेन बोर्ड म्हणजे कंपनीची वीज घरात जिथे शिरते आणि खोल्याखोल्यांत वाटली जाते ती जागा. इतरांकडे ती जिन्याखाली, सागवानी फळीवर असे. रावसाहेबांकडे ती दिवाणखान्यात होती. संगमरवराची लादी, तिच्यावर उघडे पितळी स्विच, आणि माथ्यावर पदवीसकट कोरलेलं नाव. पाहुण्याला चहाच्या आधी बोर्ड दाखवला जाई.

पितळ म्हटलं की ते चकाकलं पाहिजे. त्यामुळे दर शनिवारी गजराबाईंनी देवाच्या समयांबरोबर बोर्डही चिंचेने घासायचा, असा नियम होता. हाताला चावतंय, असं त्या काही महिने सांगत होत्या. "पितळ चावतं? मग घागर कशी चावत नाही तुला?" असं रावसाहेब विचारत. शेवटी बाईंनी घासायला नकार दिला, तेव्हा सोक्षमोक्ष लावायला त्यांनी आम्हाला बोलावलं.

मी मेगर घेऊन गेलो. हे हाताने फिरवायचं यंत्र. वीज भलतीकडे पाझरते का, ते त्याचा काटा सांगतो. नियमाप्रमाणे आधी कंपनीचा फ्यूज काढला, म्हणजे बाहेरून येणारी वीजच तोडली. काटा हवा तिथे गेला. तसं लिहून दिलं. "स्वच्छ अक्षरात लिहा," रावसाहेब म्हणाले. मीही अक्षराकडेच लक्ष दिलं.

आता मात्र विचारलं, "बाई, नेमकं चावतं कुठे?"

"वरच्या पितळंला. खालच्याला न्हाई."

"मेन बंद करून घासता ना?"

"सायेबच करत्यात की बंद. दुसऱ्या कुनी दांड्याला हात लावायचा न्हाई. पंखा थांबला की म्हनत्यात, हं, घास आता."

तेव्हा कुठे घोळ माझ्या लक्षात आला. प्रवरेच्या कालव्याचं दार लावलं की शेतात जाणारं पाणी थांबतं. दाराच्या वरच्या अंगाला ते तुंबलेलंच असतं. मेन स्विचचंही तसंच. दांडा ओढला की घरातली वीज जाते, स्विचच्या वरच्या पितळेतली जात नाही. तिथेच या बाई अनवाणी उभ्या राहून ओली चिंच चोळत होत्या. आणि मी बोर्ड तपासला तो कोरडा, कंपनीचा फ्यूज काढून. उत्तर अचूक होतं. प्रश्न चुकला होता.

करीमभाई आतून सगळं ऐकत होते. "पाठक, सही तुझी आहे, तूच निस्तर. बाईंना घेऊन जा."

"रावसाहेब चिडतील."

"चिडू दे. चिडून कोणी मरत नाही. शॉकने मरतं."

बंगल्यावर रावसाहेबांनी आम्हा दोघांना पाहिलं आणि भुवया उंचावल्या. "आता काय राहिलं? रिपोर्ट आलेला आहे."

"तो कोरड्या बोर्डाचा आहे, साहेब. बाई तो ओला करतात."

"पण मी स्वतः मेन बंद करतो!"

"करा बरं."

ते उठले, कोट नीट केला आणि निशाण उतरवावं तसा दांडा ओढला. पंखा थांबला. मी टेस्ट लॅम्प काढला. म्हणजे दोन वायरींना लावलेला साधा दिवा. एक वायर स्विचच्या वरच्या पितळेला टेकवली, दुसरी जमिनीत गेलेल्या अर्थच्या तारेला. दिवा लागला. साऱ्या घरात तेवढा एकच.

"बगा," दारातून गजराबाई म्हणाल्या. "आता ह्यो दिवा बी खोटारडा हाय का?"

रावसाहेब दिव्याकडे बघत राहिले. "म्हणजे वरचा भाग माझ्या हातात नाही?"

"नाही. तो कंपनीच्या फ्यूजवर."

"आणि मी हिला दर शनिवारी..."

मी त्यांना लादी दाखवली. चिंचेने संगमरवराचं पॉलिश खाल्लं होतं. पितळेभोवतीचा दगड खरबरीत झाला होता आणि पाणी धरून ठेवत होता. बोर्ड बदलावाच लागणार, असं सांगितलं.

एव्हाना ते थोडे सावरले होते. "वर काच बसवली तर?"

"काचही कोणीतरी पुसणारच, साहेब."

मी लोखंडी मेन स्विचचं चित्र दाखवलं. सगळं पेटीच्या आत, फक्त दांडा बाहेर.

"हा गुळाचा डबा माझ्या दिवाणखान्यात?"

"दिवाणखान्यात नको. मागच्या ओसरीवर लावू."

त्यांनी चित्र उलटंसुलटं करून पाहिलं. मग "बसवा," म्हणाले, आणि माझ्याकडे बघून पुढे, "हिला सांगा, सोमवारपासून ये."

गजराबाई पाच पावलांवर उभ्या होत्या. त्याही माझ्याकडेच बघून म्हणाल्या, "सायबांना सांगा, कागदानं काडलं, आता कागदानंच घ्या."

रावसाहेबांना राहवलं नाही. "तुला वाचता येतं का?"

"न्हाई. पन काडताना कुठं इचारलं हुतं?"

त्यांनी टाक उचलला. चार ओळी लिहायला त्यांना जितका वेळ लागला, तितक्यात मी फ्यूजच्या तारा बदलल्या असत्या. खाली पूर्ण पदवीसह सही केली. बाईंनी मला कागद दोनदा वाचायला लावला. 'चूक बाईची नव्हती' ही ओळ तिसऱ्यांदा. मग माझा जुना रिपोर्ट त्यातच गुंडाळून कनवटीला लावला.

लढाईमुळे लोखंडी स्विच मिळायला दीड महिना गेला. तोवर बोर्डाला कोणी हात लावायचा नाही, अशी ताकीद मी देऊन ठेवली. पितळ काळं पडत गेलं आणि रावसाहेबांनी ते सोसलं. स्विच आल्यावर ओसरीवर सागवानी फळी, चिनी मातीचे फ्यूज, आणि बाहेर कोळसा-मीठ घालून अर्थिंगचा नवा खड्डा. अर्ध्या दिवसाचं काम.

लादी परसात गेली. पुढे एकदा गेलो, तर गजराबाई तिच्यावरच समया घासत होत्या. नाव वाचता येत होतं, पदवी मात्र चिंचेने पुसट झाली होती.

तेव्हापासून कुठल्याही घरात मेगर काढण्याआधी मी एक प्रश्न विचारतो. बोर्ड कोणी बसवला, किती वर्षांचा, ते नंतर. आधी हे, की तो पुसतं कोण? आणि उत्तर घरमालकाकडून घेत नाही.