उन्हात वाळवलेले मणी

त्या पाण्याचा वास आजही माझ्या नाकातून गेलेला नाही. परभणी जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा मी तेव्हा प्रभारी होतो. स्वेच्छानिवृत्तीनंतर वह्या आवरताना त्या गुन्ह्याची वही हाती आली, म्हणून लिहीत आहे. नावे कोणाचीच देत नाही.

पोखर्णीच्या रस्त्यावरून आत गेले की एक लहान गाव लागते. तिथल्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त. पोरांचे दात पिवळे, म्हाताऱ्यांचे गुडघे वाकलेले. रसायनशास्त्राच्या एका प्राध्यापकांनी गावाला फिल्टर बसवून दिला होता. टाकीचे पाणी पांढऱ्या मण्यांनी भरलेल्या नळकांड्यातून नळाला यायचे. मणी सिलिकाचे, गंगाखेडकडून आणलेल्या उसाच्या चिपाडाच्या राखेपासून केलेले. मण्यांच्या आत धातू आणि सेंद्रिय आम्ल यांची अतिसूक्ष्म जाळी वाढवलेली. तिला मेटल ऑर्गॅनिक फ्रेमवर्क म्हणतात, हे मला तपासात कळले. ही जाळी फ्लोराइड धरून ठेवते. पण नुसती भुकटी पाण्याबरोबर वाहून जाते, म्हणून तिला सिलिकाचा आधार. पहिले मणी चार महिने उत्तम चालले. मे महिन्यातल्या एका सोमवारी सकाळी पाहुण्यांच्या हस्ते नवे मणी भरले.

बुधवारी संध्याकाळपर्यंत गावातले अकरा जण सरकारी दवाखान्यात दाखल झाले. उलट्या, पोटात कळा, काहींचे डोळे पिवळे. मी वॉर्डात उभ्या उभ्या यादी केली. अनुक्रमांक, नाव, वय, त्रास कधीपासून, माहिती देणारा. आधी यादी, मग विचार, ही माझी सवय होती आणि तिचा मला अभिमान होता.

गुरुवारी सकाळी खबर आली. फाट्यावरचा चहावाला आमच्या विश्वासातला माणूस. तो म्हणाला, "सायेब, त्या मेंढपाळाला विचारा. सोमवारी टाकीपाशी औषधाची बादली घेऊन उभा व्हता. सरपंचासंगं पाण्यापायी लय भांडण झालतं त्याचं."

तासाभरात आम्ही त्याला ताब्यात घेतले. मेंढ्यांच्या अंगावरच्या गोचिडांसाठी औषध असते, ते विषारीच. त्याच्या घरातून बादली आणि अर्धी बाटली पंचनामा करून जप्त केली. ठाण्याबाहेर गावातली पन्नास-साठ माणसे जमली होती. त्याला आमच्या हवाली करा, म्हणत होती.

"बादलीत काय होतं?" मी विचारले.

"मेंढ्याचं औषध व्हतं. रिकामी बादली धुवायलो व्हतो."

"टाकीत?"

"खालच्या नळाला, सायेब. वर कशाला चढू?"

"सरपंचाशी भांडलास ना?"

"भांडलो की. मेंढराला तहान लागली तरी भांडता येत न्हाई, मंग मलाच भांडावं लागतंय." मग जरा थांबून त्याने विचारले, "सायेब, माय कशी हाय?"

मला वाटले, विषय बदलतो आहे. "आधी माझ्या प्रश्नाचं उत्तर दे," मी म्हणालो.

शुक्रवारी न्यायालयाने पोलीस कोठडी दिली. शनिवारी सकाळी रुग्णांपैकी एक म्हातारी दगावली. ती त्याची आई होती. त्याला अंत्यविधीला नेण्यासाठी त्याच्या भावाने अर्ज केला. गावातले वातावरण पाहता बंदोबस्त पुरणार नाही, असे मी त्यावर लिहिले. अग्नी धाकट्या भावाने दिला. हवालदाराने लॉकअपच्या गजाशी जाऊन मेंढपाळाला ते सांगितले. तो भिंतीकडे तोंड करून बसला आणि दिवसभर जेवला नाही.

दुपारी मी उरलेल्यांचे जबाब घ्यायला दवाखान्यात गेलो. खाटेवरच्या एक बाई म्हणाल्या, "सोमवारच्या पाण्याला मासळीचा वास येत व्हता. मी मणी भरणाऱ्याला म्हनलं बी. तर म्हनला, मावशी, नवं हाय, दोन दिसांत जाईल."

ठाण्यात येऊन मी मुद्देमालातली बाटली हुंगली. डोक्यात जाणारा उग्र वास, पण मासळीचा नाही. मग गावात गेलो. फिल्टर बुधवारीच बंद केला होता. पंचांसमक्ष नळकांडे उघडले आणि हवालदार मागे सरकला. "साहेब, आठवडी बाजारात मासळीच्या ओळीला उभं राहिल्यासारखं वाटतंय."

पुढचे काम कागदांनी केले. हे मणी डीएमएफ नावाच्या, मासळीसारखा वास येणाऱ्या विषारी द्रावकात तयार होतात. भट्टीतून काढल्यावर ते तीन दिवस पुन्हा पुन्हा धुवावे लागतात, नाहीतर द्रावक जाळीच्या छिद्रांत तसाच राहतो. प्राध्यापकांच्या प्रयोगशाळेच्या रजिस्टरमध्ये मणी भरण्याआधीच्या शुक्रवार ते रविवार सहा वेळा धुतल्याच्या नोंदी होत्या. सगळ्या एका शाईच्या, एका दमात लिहिलेल्या. पहारेकऱ्याच्या चावीच्या वहीत मात्र त्या तीन दिवसांत प्रयोगशाळेची चावी कोणी नेलीच नव्हती.

प्रयोगशाळा सहायकासमोर मी दोन्ही वह्या शेजारी शेजारी ठेवल्या. तो लगेच बोलता झाला.

"सरांचा फोन आला, सोमवारी पाहुणे येणार, मणी पाहिजेतच. भट्टी उशिरा, गुरुवारी रात्री रिकामी झाली. धुऊन परत वाळवायला दिवस उरले न्हाईत. मंग तसेच गच्चीवर पत्र्यावर वाळत घातले."

"धुतलेच नाहीत?"

"वाळले की पण, सायेब! मेच्या उन्हात गच्चीवर पाय ठेवता येत न्हाई. घरच्या कुरडया एका दिसात खडखडीत होत्यात. हे तर तीन दिवस घातले. हातात घेतले तर कोरडे ठक्क."

प्राध्यापकांनी रजिस्टरच्या कोऱ्या पानांवर आधीच सह्या करून ठेवल्या होत्या. ते खाली मान घालून म्हणाले, "ऊन आतल्या द्रावकाला काही करत नाही. मणी बाहेरून कोरडा, आतून भरलेला. पाणी लागलं की सोडतो." पुढे न्यायवैद्यक अहवालातही तेच आले. दोघांवर निष्काळजीपणामुळे मृत्यू घडवल्याचे दोषारोपपत्र गेले.

मेंढपाळाला आम्ही न्यायालयामार्फत सोडवून घेतले. बादली परत घ्यायला तो ठाण्यात आला. त्याने पावतीवर अंगठा दिल्यावर मी म्हणालो, "तुझी आईच आजारी आहे, हे तू आधी सांगायला हवं होतंस. घरच्या माणसाला कोण विष घालतं?"

तो रागावला नाही. एवढेच म्हणाला, "सांगितलं व्हतं की. बुधवारी दवाखान्यात मायचं नाव तुमाला मीच सांगितलं. तुमी लिवत व्हते, वर बघितलं न्हाई."

तो बादली घेऊन गेल्यावर मी वही उघडली. त्या सहायकाने मणी हातात घेऊन पाहिले होते आणि कोरडे म्हणून भरले होते. मी याद्यांवर आयुष्य काढले आणि माझी यादी नीट भरली आहे, एवढेच पाहून पुढे गेलो. समोरच्या माणसाकडे न बघता लिहिलेली माहिती म्हणजे माहिती नव्हे, हे मी पुढे नव्या अधिकाऱ्यांना सांगत आलो. कसे कळले, ते मात्र कधी सांगितले नाही.

ती वही आता माझ्यासमोर आहे. अनुक्रमांक चार. म्हातारीचे नाव, वय, त्रास मंगळवारपासून. माहिती देणारा या रकान्यात माझ्याच नीटस अक्षरात एक शब्द आहे : मुलगा.