पुरावा लाकडाचा चालत नाही

म्हैसूरच्या स्टेशनाबाहेर रिक्षावाल्यानं माझी पिशवी उचलली आणि लगेच खाली ठेवली. "एन् मेडम, कल्ला?" (काय मॅडम, दगड आहेत का?) दगड नव्हते. वाण्याच्या तराजूची दोन लोखंडी वजनं होती, एक दोन किलोचं आणि दुसरं शंभर ग्रॅमचं. मिरजेहून निघाल्यापासून मी ती उशाशी घेऊन झोपले होते. अशी वजनं म्हैसुरातही मिळाली असती, पण मला माझीच हवी होती. हट्ट म्हणा हवं तर.

आधी हा हट्ट कुठून आला ते सांगते. मी कॉलेजात तीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं आणि तितकीच वर्षं नाटकं पाहिली. आपल्या रंगभूमीवरचा शास्त्रज्ञ बघितला की माझ्या डोक्यात तिडीक जाते. केस विस्कटलेले, अंगात पांढरा कोट, पहिल्या अंकात बायकोला विसरलेला, दुसऱ्यात धूर काढणारा आणि तिसऱ्यात देव्हाऱ्यासमोर रडून माफी मागणारा. चूक शोधण्याचं त्याचं रोजचं काम मात्र कुणी दाखवत नाही. शेवटी चिडून मीच एक एकांकिका लिहिली. तिच्यात गावातली एक शिक्षिका शिडीवर चढून जड आणि हलकं वजन एकदम सोडते. खाली पत्रा असतो. दोन्ही एकदम पडतात आणि आवाज एकच येतो. त्यानंतर तिचं दोन पानी भाषण आहे, ज्याचा मला फार अभिमान होता. म्हैसूरच्या मराठी मंडळींनी ती बसवायला घेतली, म्हणून ही वारी.

उतरायची सोय मुख्य भूमिका करणाऱ्या सुनंदाबाईंकडेच होती. त्यांचे पूर्वज म्हैसूरच्या राजाच्या फौजेत होते, तेव्हापासून हे घराणं इथलंच. सुनंदाबाई एका शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस आहेत आणि या वर्षाअखेर निवृत्त होतील. "सुम्ने बसा अक्का, स्वल्प कॉफी घ्या," (नुसत्या बसा, थोडी कॉफी घ्या) म्हणत त्यांनी पितळी डवऱ्यात (पसरट वाटीत) कॉफी आणि सोबत गरम उप्पिट्टू (आपला उपमा, पण जास्त मऊ) पुढे केलं. मी पिशवीतून वजनं काढली. त्यांनी दोन्ही हातांत ती तोलून पाहिली आणि त्या हसल्या.

"तीस वर्षं लॅबमध्ये वजनं पुसली अक्का," त्या म्हणाल्या. "एकपण पोरगं खरं रीडिंग लिहीत नाही. टीचर आधी उत्तर सांगतात, मग पोरं उलटं गणित करून जर्नलमध्ये निरीक्षणं भरतात. लंबक हलवलाच नाही तरी बरोबर येतो. मी बघते, गप्प बसते. माझा अधिकार नाही. अष्टे." (एवढंच.)

असली जर्नलं मीही तपासली होती, आणि उत्तर पुस्तकाशी जुळलं की खूश होऊन लाल शाईनं सही केली होती. हे कबूल करायला मला आजही जड जातं.

दुसऱ्या दिवशी दिग्दर्शकाला भेटायचं होतं. राघवेंद्र मूळचा नाशिकचा, शहराबाहेरच्या हेब्बाळमधल्या एका कंपनीत कामाला. त्यानं सांगितलेल्या बसऐवजी मी भलत्याच बसमध्ये चढले आणि बन्नूरच्या रस्त्याला लागले. दोन्ही बाजूंना ऊस आणि भातखाचरं. कंडक्टरनं उतरवून परतीची बस दाखवली, तोवर तासभर गेला होता. हेब्बाळला पोचले तेव्हा कंपन्यांच्या बसगाड्या ओळीनं माणसं ओतत होत्या. राघवेंद्र घड्याळ बघत उभा होता. त्याच्या स्कूटरवर मागे बसून, पिशवी मांडीवर धरून तालमीच्या हॉलला गेले.

हॉलमध्ये शिडी होती, पण खाली पत्रा नव्हता. गादी होती, वर पत्र्याच्या रंगाचं कापड. सुनंदाबाईंनी वजनं सोडली, ती गादीत मुकाट रुतली आणि त्याच क्षणी कोपऱ्यातल्या स्पीकरमधून "धाण्ण" असा झकास एकच आवाज आला.

मला तोंडात मारल्यासारखं झालं.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"मॅडम, खऱ्या पत्र्यावर दहातल्या सहा वेळा दोन आवाज येतात," राघवेंद्र शांतपणे म्हणाला. "एक हात आधी सुटतो. शनिवारी पाहुणे येणार, यांच्या शाळेच्या मुख्याध्यापिका पहिल्या रांगेत असणार. कशाला जोखीम? झाकली मूठ सव्वा लाखाची. आणि नाटकात खरं काय असतं? तलवार लाकडाचीच असते ना?"

मुद्दा बिनतोड होता आणि त्यामुळेच माझा संताप वाढला. "तलवार लाकडाची असते, कारण कुणी मरू नये," मी म्हणाले. "इथं आपण लोकांना पुरावा दाखवतोय. पुरावा लाकडाचा चालत नाही. आवाज तूच लावणार असशील तर दोन आवाज लावून जड वजन आधी पडतं हेही दाखवता येईल. मग माझ्या नाटकात आणि धूर काढणाऱ्या नाटकात फरक काय राहिला?"

"नाटक तुमचं आहे, प्रयोग माझा आहे," तो म्हणाला. "गादी राहील."

सुनंदाबाई शिडीवरच उभ्या होत्या.

परतताना आम्ही एका छोट्या हॉटेलात दोसा खायला बसलो. आत लाल चटणी फासलेला, वर लोण्याचा गोळा. मी रागातच खात होते. सुनंदाबाईंनी मात्र हात लावला नव्हता.

"अक्का, खरा पत्रा लावला आणि दोन आवाज आले तर आमच्या शाळेतले सगळे हसणार," त्या म्हणाल्या. "लॅबमधली बाई नाटक करायला गेली आणि तोंडावर पडली म्हणणार."

"हो, हसतील," मी म्हणाले. खोटं कशाला सांगू?

"पण गादीवर टाकलं तर माझं पण जर्नलच झालं," असं म्हणून त्यांनी दोसा पुढे ओढला.

शनिवारी संध्याकाळी सभागृह भरलं. मराठी घरं होती, त्यांचे कन्नड शेजारी होते, शेजाऱ्यांचे पाहुणे होते. पडद्यामागं साडीचा पदर खोचून सुनंदाबाईंनी एकट्यानं गादी ओढत विंगेत नेली आणि पत्रा अंथरला. राघवेंद्र धावत आला.

"आवाज लावायचा नाही," त्या म्हणाल्या. "लावलात तर मी स्टेजवर थांबणार आणि लोकांना सांगणार, हा आवाज डब्यातला आहे. मग बघा."

त्यांचा आवाज चढलेला नव्हता. राघवेंद्र माझ्याकडे रागानं बघत विंगेत निघून गेला.

प्रसंग आला. बाई शिडीवर चढल्या, दोन्ही हात लांब केले, वजनं सोडली. धाण्, ठण्. दोन आवाज. सभागृहात हशा पिकला. पहिल्या रांगेत मुख्याध्यापिकांनी शेजारणीच्या कानात काहीतरी सांगितलं. राघवेंद्रचं बोट बटणावर होतं, मला दिसत होतं.

"दोन आवाज आले," सुनंदाबाई प्रेक्षकांकडे बघून म्हणाल्या. हे वाक्य माझ्या संहितेत नव्हतं. "माझा हात चुकला का पुस्तक चुकलं, ते मला अजून गोत्तिल्ला (ठाऊक नाही). परत करते."

परत दोन आवाज. या वेळी हशा मोठा होता. तेवढ्यात चौथ्या रांगेतून लुंगी नेसलेले एक जाडजूड गृहस्थ उठले. बन्नूरचे ऊसवाले, कुणाच्या तरी शेजाऱ्यांचे पाहुणे. "भार इरोदु मोदलु बीळत्ते!" (जड असतं ते आधी पडतं!) असं ठणकावत ते सरळ स्टेजवर आले. सुनंदाबाई खाली उतरल्या, वजनं त्यांच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "नीवे माडी." (तुम्हीच करा.)

गृहस्थांनी हातानं सोडलंच नाही. शिडीच्या वरच्या पायरीच्या कडेला दोन्ही वजनं शेजारी ठेवली, नेपथ्यातल्या टेबलावरची लाकडी फूटपट्टी मागून घेतली आणि एका फटक्यात दोन्ही ढकलली. धाण्ण. एकच.

गृहस्थ पत्र्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "इन्नोंद्सल." (आणखी एकदा.) पुन्हा एकच. तिसऱ्यांदा त्यांनी वजनांच्या जागा बदलल्या. तरीही एकच. त्यांच्या मागं दोन बायका शिडीपाशी येऊन उभ्या राहिल्या, मग एक पेन्शनर, मग मुख्याध्यापिकांची शेजारीणसुद्धा. रांग लागली. कुणी कुणाचं ऐकेना. पत्र्याला पोचे पडले. पुढचा प्रवेश झाला नाही, माझं दोन पानी भाषण कुणी बोललं नाही. हॉलची वेळ संपली आणि दिवे लावून माणसांना बाहेर काढावं लागलं.

मराठी मंडळींचे चिटणीस माझ्यापाशी येऊन म्हणाले, "बाई, नाटक अर्धंच राहिलं. पुढल्या वर्षी काहीतरी विनोदी द्या."

"हेच देईन," मी म्हणाले.

रविवारच्या गाडीत मद्दूर वडा (कांदा-रव्याचा खुसखुशीत वडा) खात मी संहिता उघडली आणि भाषणाची दोन्ही पानं फाडून टाकली. वाईट वाटलं, खोटं सांगत नाही. पण प्रेक्षक स्वतः शिडीवर चढत असताना शास्त्रज्ञानं भाषण ठोकायचं म्हणजे त्यांच्या हातातली फूटपट्टी काढून घेणं. आता मिरजेतही हे नाटक होईल, पत्र्यावरच होईल, आणि दोन आवाज आले तर येऊ देत. हसणाऱ्यांनी वर येऊन करून बघावं.

घरी पोचल्यावर दोन दिवसांनी सुनंदाबाईंचा फोन आला. त्यांच्या शाळेत दहावीच्या एका मुलीनं जर्नलमध्ये लंबकाचं निरीक्षण जसं आलं तसं लिहिलं होतं. खाली लिहिलं होतं, 'उत्तर जुळलं नाही. का ते कळलं नाही.' शिक्षिकेनं पान लाल शाईनं खोडून सही न करता परत दिलं.

"मग?" मी विचारलं.

"मग मी सही केली अक्का," त्या म्हणाल्या. "मला अधिकार नाही. तरी केली."