लेकुरवाळ्या हातांचं

दादरच्या बाजारात लोकरीच्या लडी टांगलेल्या दिसल्या की मी सहसा पलीकडच्या फुटपाथने जाते. परवा जाता आलं नाही, गर्दीच तशी होती. दुकानदाराने नुकतंच पोतं सोडलं होतं आणि कोऱ्या लोकरीचा वास, थोडा डांबरगोळ्यांचा, थोडा ओल्या घोंगडीचा, थेट नाकात शिरला. ब्लाउज घामाने पाठीला चिकटलेला, आणि समोर फिकट पिवळे, पिस्ता, गुलाबी असे तान्ह्या बाळांचे रंग. मुंबईत लोकर घेतं तरी कोण, असं लोक हसून विचारतात. आम्ही घेतो. फक्त आमच्यात जी सर्वांत सुरेख विणायची ती आता घेत नाही, आणि त्याचं कारण मी आहे. हे एवढं सरळ लिहायला मला बरीच वर्षं लागली.

लालबागला आमच्या चाळीत मंडळाची एक खोली आहे. गणपतीचे दिवस सोडले तर तिथे मखराचं सामान आणि धूळ यांचंच राज्य. मी महापालिकेच्या शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाले, घरात बसवेना, म्हणून त्या खोलीची किल्ली मागून घेतली. दुपारी दोन ते चार, जिला विणता येतं तिने यावं, येत नाही तिने शिकावं. आठ-दहा जणी जमल्या. बाळंतविडे करून विकायचं ठरलं. टोपडं, अंगडं, मोजे, दुपटं. थंडी पडो न पडो, बारशाला आपल्याकडे लोकरीचं टोपडं लागतंच.

ती मागच्या इमारतीतली. चाळिशीची, लग्न होऊन मालवणाकडून आलेली. पहिले पंधरा दिवस उंबऱ्याशी बसली, कोणी आत सरक म्हटलं की ‘हयच बरा’ म्हणायची. घरात सासू, नवरा, धाकटी जाऊ, जावेची दोन मुलं. हिला मूल नव्हतं. ती बोलायची कमी आणि विणायची अशी, की आमचे हात थांबायचे. टोपडं संपवताना आम्ही सगळ्या शेवटचे टाके धाग्यात ओढून आतून गाठ मारायचो. ती धागा वर काढून गाठ बाहेर मारायची आणि त्यावर गोंडा बसवायची. का, म्हणून विचारलं तर म्हणाली, बाळाची टाळू कोवळी असते, तिथे गाठ टोचते. आमच्यात दोन-दोन, तीन-तीन बाळंतपणं काढलेल्या बायका होत्या. आमच्या एकीच्याही ध्यानात हे आलं नव्हतं. जावेच्या दोन्ही मुलांच्या टाळूवर तेल हिनेच तर जिरवलं होतं.

वर्षभरात ती खोलीच्या मध्ये येऊन बसली. तिच्या टोपड्यांना मागणी यायला लागली. दादरच्या एका दुकानदाराने भाव पाडून मागितला तेव्हा मी नाही, तीच पुढे होऊन म्हणाली की हे मशीनचं नाही, परवडत नसेल तर राहू द्या. दुकानदाराला परवडलं. बँकेत तिच्या एकटीच्या नावाचं खातं उघडायला मी सोबत गेले होते. सही करताना तिने पेन सुईसारखं दोन बोटांत धरलं होतं. एकदा तिने आम्हाला सांगितलं, की स्वतःच्या कमाईचं पापलेट नेलं, आणि लग्न झाल्यापासून पहिल्यांदा मधला तुकडा आपल्या ताटात वाढून घेतला. सासू बघत राहिली. आम्ही खूप हसलो. तीही हसली. त्या हसण्यामागे वीस वर्षं वाट्याला आलेली शेपटं आणि डोकी होती, हे मला घरी गेल्यावर कळलं.

आता माझी करामत. प्रत्येक विड्याला एक छापील कार्ड लावायचं ठरलं, आणि त्यावरची ओळ अर्थातच बाईंनी लिहायची. मी लिहिली, ‘लेकुरवाळ्या हातांचं, मायेचं विणकाम’. काय खूश होते मी त्या ओळीवर! लेकुरवाळी हा शब्द जुना, भरल्या घरासारखा. गिऱ्हाइकांना तो भलता आवडला. आणि ती? वाचता येत होतं तिला. आठ-नऊ महिने ती आपल्याच टोपड्यांना ते कार्ड स्वतःच्या हाताने टाचत होती. माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही. शब्दांची जाण असल्याचा मला फार तोरा होता.

मग गिरगावातल्या एक बाई लेकीसाठी विडा न्यायला स्वतःच आल्या. ती गोंडा बांधत होती, ते बघत त्यांनी कौतुक केलं आणि सहज विचारलं, तुम्हाला किती मुलं? ती म्हणाली, मला नाहीत. बाईंनी कार्डाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि अगदी गोड आवाजात म्हणाल्या, “मग तेवढं टोपडं दुसऱ्या कुणाच्या हातचं द्याल का?”

मी दिलं. ट्रंकेतून दुसरं काढलं आणि दिलं, आतून गाठ मारलेलं.

त्या गेल्यावर आमच्या बायकांमध्ये कुजबुज झाली. वाईट कोणीच नव्हतं. लोकांची श्रद्धा असते, आपण कशाला दुखवायचं. तिने हवं तर पर्स विणाव्यात, रुमाल विणावेत, कामाला काय तोटा आहे. एकीने तर तोडगाही काढला, टोपडी तिनेच विणावीत, नाव आपण दुसरीचं सांगू. ती भिंतीला टेकून सगळं ऐकत होती. सुया चालूच होत्या. ओळ संपवून तिने त्या मांडीवर ठेवल्या आणि एवढ्या जणींमधून फक्त मला विचारलं.

“बाई, शब्द बदलतास की माका काढतास, तेवढा सांगा.”

पाचशे कार्डं नुकतीच छापून आली होती. गठ्ठा माझ्या पायाशीच होता. मी म्हणाले, “बघूया.”

आपल्या भाषेत नाही म्हणायचं धैर्य नसलं की बघूया म्हणतात. तिलाही ते कळलं. तिने हातातलं टोपडं पूर्ण केलं, गोंडा लावला, ट्रंकेत ठेवलं आणि दुसऱ्या दिवसापासून आली नाही. मी तिच्या घरी गेले नाही. आज जाईन, उद्या जाईन म्हणत चातुर्मास उलटला. मग कोणीतरी सांगितलं की ती समोरच्या टॉवरमध्ये दोन घरी पोळ्या लाटायला जाते, आणि मला, खोटं कशाला बोलू, जरा सुटल्यासारखं वाटलं. चला, तिची सोय झाली.

कार्डं संपली तेव्हा मी ओळ बदलली. संपली तेव्हा. त्याआधी नाही, छापलेला कागद वाया जाईल ना!

गेल्या वर्षी परळच्या नाक्यावर ती भेटली. पिठाने पांढरी झालेली नखं, केस बरेच पिकलेले. चौकशी केली, माझे गुडघे विचारले. मीच न राहवून म्हणाले, की तो शब्द काढला हं आता. सध्या विणतेस का, हे विचारायची हिंमत झाली नाही.

“मग आता काय लिवतास?” तिने विचारलं.

“हाताने विणलेलं.”

तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, रागाने पाहिलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

“पयल्यापासून तेवढाच तर होता, बाई,” ती म्हणाली, आणि तिला पुढच्या घरी उशीर होत होता म्हणून निघाली.