बिनदारूची लाह

नंदुरबारला गाडीतून उतरलो तोच सलग सात शिंका आल्या. स्टेशनाबाहेर लाल मिरच्यांची पोती रचली होती आणि वैशाखाचा वारा नेमका त्यांच्यावरून येत होता. मला न्यायला आलेला टांगेवाला करीमभाई माझी अवस्था शांतपणे पाहत उभा राहिला. "सगळासना पहिला दिन असाच जास," (सगळ्यांचा पहिला दिवस असाच जातो) एवढं म्हणून त्याने माझी वळकटी उचलली.

मी नगरचा, मिशनच्या शाळेतला मास्तर. सुटीत सातपुडा पाहावा एवढाच बेत होता. पण इथल्या पाद्रीसाहेबांनी एक काम गळ्यात घातलं. तळोद्याच्या वर डोंगरात दित्या नावाचा भिल्ल बायकोसह राहतो. त्या गावात ख्रिस्ती घर ते एकच. वावटळीत त्याचं छप्पर उडालं होतं आणि पावसाळा तोंडावर आला होता. "छप्पर होत नसेल तर दोघांना खाली मिशनच्या आवारात घेऊन या," साहेब म्हणाले. आपण कुणाचं तरी भलं करायला निघालो आहोत, या कल्पनेने मी बराच फुगलो होतो.

तापीच्या पात्रात टांगा वाळूत रुतला. मी ऐटीत खाली उतरून ढकलू लागलो आणि घोट्यापर्यंत रुतलो. "मास्तर, जोडा काढीसन ढकला," करीमभाई म्हणाला. जोडे काढले, पाय भाजले, पण टांगा निघाला.

तळोद्याचा मुक्काम करून सकाळी निघालो. दित्या न्यायला आला होता. पन्नाशीचा, काटक, कमी बोलणारा. मिशनच्या बोर्डिंगात चार वर्षं काढल्यामुळे मराठी समजण्यापुरती बोले. सागाची पानं झडलेली, मोहाची झाडं मात्र कोवळ्या पालवीने तांबूस दिसत होती. पहिल्याच चढावर धापा टाकत मी साहेबांचा निरोप सांगून टाकला.

"उद्या माझ्या घरी लाह आहे," तो म्हणाला. "ती होऊ द्या. मग बोलू."

लाह म्हणजे इकडची जुनी रीत. एकाचं काम निघालं की घरटी एक माणूस मदतीला येतो. मजुरी नसते, यजमानाने जेवण द्यायचं आणि मोहाची दारू पाजायची.

"तू दारू देणार?"

"नाही. सोडली ती सोडली."

"मग येणार कोण?"

"मागल्या साली कोणीच आलं नाही." पाऊस कमी झाला म्हणावं तसं त्याने सांगितलं. ज्वारी दोघांनीच कापली, निम्मी पाखरांनी नेली.

"आणि त्यांच्या लाहेला तू जातोस?"

"आधी जात नव्हतो. राग होता. पण प्रार्थनेला बसलो की शेजाऱ्याचं नाव तोंडातून निघेना. तेव्हा कळलं, दारू गेली पण राग पोटात आहे. मग मी हातात विळा घेऊन त्याच्या शेतात गेलो. पाच-सहा वेळा लाहेला गेल्यावर नाव निघालं."

मी मान खाली घालून चढ चढू लागलो.

त्याचं घर म्हणजे कुडाच्या चार भिंती आणि वर आभाळ. बायको सुमली मोहाखाली चूल मांडून बसली होती. रात्री ज्वारीची भाकर आणि अंबाडीची भाजी पोटभर जेवलो.

सकाळी सुमलीने अख्ख्या गावाला पुरेल एवढं उडदाचं वरण चढवलं. ऊन अंगणात आलं, पण पायवाटेवर चिटपाखरू नव्हतं. मी वळकटी बांधली आणि म्हणालो, "दित्या, जिद्दीलाही मर्यादा असावी." सुमली मान वर न करता भाकरी थापत राहिली. तिच्याकडे बघवेना.

मग नाल्याच्या पलीकडे गावकारभारी पुंजा दिसला. खांद्यावर कुऱ्हाड, मागे बांबू घेतलेले पाच जण. कमरेचा दारूचा तुंबा (वाळल्या भोपळ्याचं भांडं) त्याने पलीकडच्या पळसाला टांगला आणि मगच नाला ओलांडला. माझ्याकडे बघून तळोद्याच्या बाजारची बोली काढली. "हाऊ मन्हा वावरमा उना, आते मी येना घरले उनू. पेवानं मन्हं मी पिसू." (हा माझ्या शेतात आला, आता मी याच्या घरी आलो. प्यायचं माझं मी पिईन.)

दारूवर दोन शब्द बोलावेत म्हणून मी घसा खाकरला. दित्याने माझ्या हातात गवताची पेंढी दिली. "मास्तर, ही वर द्या."

दुपारपर्यंत दोन घरं सोडून सगळं गाव आलं. बायका गवत झोडून देत होत्या, पुरुष वर बसून पळसाच्या वाखाने बांबू आवळत होते. माझ्या हातांना फोड आले त्याचं सगळ्यांना फार कौतुक वाटलं. पुंजा मधेच एकदा पळसापाशी जाऊन आला आणि गुपचूप कामाला लागला. उन्हं उतरायच्या आत शेवटची पेंढी बसली.

जेवणाआधी दित्याने प्रार्थना केली. एकेका घराचं नाव घेतलं. न आलेली दोन घरंही घेतली आणि तो कुठेही अडखळला नाही. पुंजा हातात भाकरी धरून, न खाता, तोवर उभा होता. माझे डोळे भरून आले.

नंदुरबारला परतून साहेबांना कळवलं की दित्या येत नाही, आणि त्याने येऊही नये. मग भुसावळची गाडी धरली.

दुःखातून धीर वाढतो हे बायबलातलं वचन मी वर्गात वर्षानुवर्षं शिकवत आलो; अर्थ नीट सांगतो, असं मुलंही म्हणतात. आणि माझा सख्खा थोरला भाऊ दोन गल्ल्या सोडून राहतो. वडिलांचं बायबल कुणाकडे राहावं, यावरून सहा वर्षं आमचा अबोला. गाडीत डोळे मिटून मी त्याचं नाव घेऊन पाहिलं. मनमाड आलं तरी जमलं नाही.

नगरला उतरलो तो घरी न जाता त्याच्याकडेच गेलो. दादा अंगणात खाट विणत बसला होता. त्याने एकदा वर पाहिलं. मी समोर बसलो आणि सुंभाचं दुसरं टोक ओढून धरलं.