धावदोरा घातलेली पानं

अक्का गेल्यावर तिच्या पुस्तकांचं काय करायचं, हा प्रश्न एकट्या माझाच होता. बाकीच्यांना घर रिकामं करायचं होतं. अक्का माझी थोरली बहीण. उदगीरला मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवून ती निवृत्त झाली आणि पुढच्या खोलीतलं आपलं कपाट तिनं कॉलेजच्या मुलींसाठी उघडं ठेवलं. त्यात बहुतेक फँटसी कादंबऱ्या होत्या, इंग्रजी आणि अलीकडे मराठीही. मी नांदेडला शिकवते. सुट्टी लागली की जळकोटवरून उदगीर गाठायची आणि त्या कपाटासमोर पडून राहायची. लातूरच्या एका वाचनालयानं सगळी पुस्तकं नेण्याची तयारी दाखवली. अट एकच होती, दोरे काढून द्या.

हे दोरे अक्काचे. ती आधी पुस्तक स्वतः वाचायची. बाईवर बळजबरी होते अशी पानं आली की तिथं खूण ठेवून शेवटपर्यंत वाचायची आणि मग ठरवायची. त्या प्रसंगानंतर ती बाई गोष्टीत उरते का, एवढंच ती पाहायची. नायकाला तलवार उचलायला निमित्त हवं म्हणून तिला वापरून टाकलेलं असेल, तर अक्का ती पानं एकत्र धरून कडेला धावदोरा घालायची. साडीला फॉल लावायची तीच सुई, लाल दोरा, टाके लांब आणि कच्चे. एका टोकाला गाठ नसायची, ओढलं की सुटावं म्हणून.

ही सेन्सॉरशिप झाली, असं मी एकदा म्हटलं. ती चष्म्यावरून बघत म्हणाली, "वाच की. कुणी धरलंय? फक्त उघडताना हाताला कळलं पाहिजे, आपण काय उघडायलोत ते."

शिवलेली पुस्तकं इतकी झाली की कपाट लालसर दिसायचं. हे लेखक नवे समुद्र काढतात, नद्यांना डोंगर चढायला लावतात, मेलेल्या राजांना बोलतं करतात. पण तबेल्यामागं एकटी सापडलेली मुलगी आली की त्यांची सगळी कल्पनाशक्ती संपते. विचारलं तर सांगतात, त्या काळी असंच होतं. कोणत्या काळी? आकाशात दोन चंद्र उगवायचे त्या काळी? तिची फाटलेली वस्त्रं असतात, किंकाळी असते, ती लिहिताना लेखकाचा हात अजिबात आखडत नाही. मग प्रकरण बदलतं आणि नायकाचं दुःख सुरू होतं. तिच्यावर गुदरलं, तेही त्याच्याच नावावर चढतं.

एक पुस्तक मात्र अक्कानं मुद्दाम न शिवता ठेवलं होतं. त्यात नाव वल्हवणाऱ्या एका बाईवर अत्याचार होतो, पण तो लेखिकेनं दाखवलेलाच नाही. ती बाई नदीकडची वाट कशी टाळते, कोण तिच्यावर विश्वास ठेवतं, कोण घाट बदलून दुसऱ्याच्या नावेत बसतं आणि ती परत वल्हं कधी धरते, हे मात्र सगळं आहे. जादूही आहे त्यात, भरपूर. हे पुस्तक अक्का मुलींना आग्रहानं न्यायला लावायची.

अक्काची माती झाल्यावर भेटायला माणसं येत होती. दुःखाच्या घरी आलेला माणूस काहीही बोलला तरी घरच्यांनी मान हलवायची, वाद घालायचा नाही, ही आमच्याकडची रीत. वाचनालयाच्या वतीनं आलेल्या गृहस्थांनी या रीतीचा पुरेपूर फायदा घेतला. ते स्वतः फँटसी लिहितात, तीन जाडजूड खंड आहेत त्यांचे. टेकल्या टेकल्या त्यांनी कपाटात आपले खंड शोधले. दुसरा खंड तीन ठिकाणी शिवलेला निघाला.

ते हसले. अक्का जुन्या वळणाच्या होत्या, असं म्हणाले. बायका फार भावनेनं वाचतात, अंधार दाखवल्याशिवाय उजेड कळत नाही, शिवाय खराब केलेली पुस्तकं वाचनालयाला चालत नाहीत, हेही त्यांनी सांगितलं. मी मान हलवत होते. याच खंडावर अक्का काय म्हणाली होती ते मला आठवत होतं: "घोड्याला पंख लावलेत बघ ह्यानं. बाईच्या खोलीला कडी लावायला हात दुखले होय?"

शेवटी ते सुस्कारा टाकून म्हणाले, "ताई, तो प्रसंग लिहिताना मी स्वतः रडलोय."

मी विचारलं, "सर, त्या मुलीचं नाव काय?"

रीत मोडली होती. चुलत्यांनी माझ्याकडं पाहिलं. सर आठवू लागले. मग म्हणाले, ती राणीची दासी. नाव त्यांनी दिलेलंच नव्हतं, आणि पंखांच्या घोड्याला मात्र वंशावळीसकट होतं. मी म्हटलं, दोऱ्यांसकट न्यायची असतील तर न्या. त्यांनी नेली नाहीत.

पुस्तकं नांदेडला माझ्या फ्लॅटवर आली. आता इथल्या मुली नेतात. अक्काच्या उदगीरच्या मुलींना ती राहिली नाहीत, हे मला लागतं.

काही महिन्यांनी पार्सल आलं. दुसऱ्या खंडाची नवी आवृत्ती, पहिल्या पानावर सही, खाली लिहिलेलं, आपल्या सूचनेची दखल घेतली आहे. मी खरोखर आशेनं उघडलं. मुलीला नाव दिलेलं होतं, चांगलं खणखणीत नाव. सगळ्या प्रसंगात ते पुन्हा पुन्हा येत होतं, आणि प्रसंग पानभर वाढवलेला होता. पुढच्या प्रकरणात ती कुठंच नव्हती. घोडा होता.

मी अक्काचा सुईदोऱ्याचा डबा काढला. शिवणकाम मला कधी जमलं नाही. सुईत दोरा ओवायलाच वेळ लागला, आणि टाके वाकडे पडले, इतके की तिनं उसवायला लावले असते. एक टोक तेवढं आठवणीनं गाठीशिवाय सोडलं.