टेलरचाचांची काच

आमच्या वरोऱ्यातले टेलरचाचा इतके उंच, की स्वतःच्याच दुकानात वाकून शिरायचे. मोटारसायकलला समोर प्लास्टिकची काच बसवल्यापासून वारा तिच्या कडेवरून उसळून थेट त्यांच्या कानांवर आदळायचा. चंद्रपूरहून अस्तराचं कापड घेऊन आले की कान सुन्न, अन् चहासुद्धा भांडल्यासारखा ओरडून मागायचे.

एकदा त्यांनी काचेवर कापडाच्या खडूनं रेघ मारली अन् करवत काढली. समोरच्या दुकानातला काच विकणारा धावत आला. "चाचा, कापू नका. कंपनीची गॅरंटी जाते."

"वारा छातीवर घेतो न मी. कानात काऊन घेऊ?" म्हणत त्यांनी वरची चार बोटं काच उडवली.

पुढच्या फेरीहून ते परतले, तेव्हा तो काचवाला चहाच्या टपरीवरच होता. "गेली न गॅरंटी?"

चाचांनी हळू आवाजात चहा सांगितला. मग तितक्याच हळू म्हणाले, "कंपनीनं माहं माप घेतलं होतं काय?"